अक्षर सापडत नाही

क्लाक्स्विकच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे,
तीन टेबलं आणि एक कुरकुरणारा हीटर.
इथे ट्रॉलरच्या विंचचं सॉफ्टवेअर बनतं:
जाळं किती ओढायचं, दोर कधी ढिला सोडायचा,
आणि कधी सगळंच्या सगळं थांबवायचं.

कोड दुसऱ्यांकडे. रानवाकडे शब्द.
साध्या टेक्स्टच्या एकोणतीस फायली,
त्यांची एक पीडीएफ व्हावी, एवढंच.
कारण दोनशे मैलांपलीकडे नेटवर्क नसतं
आणि तुम्मासच्या बोटीवर हँडबुक
सुकाणूशेजारी खिळ्याला टांगलेलं असतं.

आधीची पीडीएफ हानुस काढायचा.
कशी, ते त्यालाच ठाऊक.
निवृत्त झाला, दक्षिणेच्या बेटावर मेंढ्यांकडे गेला,
मागे एक चिठ्ठी:
चालतंय. हात लावू नका.

सकाळी तिने कन्व्हर्टर बसवला.
त्याला टाइपसेटर हवा होता.
टाइपसेटरला एक पॅकेज,
पॅकेजला दुसरं, तेही मागच्या आवृत्तीचं;
लग्नघरातल्या मानपानासारखं,
आत्याला बोलावलं की आत्याच्या जावेलाही बोलवा,
आणि जाऊबाई रुसलेल्या.

तीन वाजता, बाहेर दिवस मावळून गेल्यावर,
एकही लाल ओळ न येता बिल्ड पूर्ण झालं.
अठ्ठ्याऐंशी पानं. यशस्वी.

तुम्मास वर आला, अंगाला डिझेलचा वास.
सातवं प्रकरण त्याने उभ्याउभ्याच मोठ्यानं वाचलं,
संकटात विंच कसा थांबवावा ते,
आणि ऐकताना कुठेही चूक नव्हती.

चूक कानाला कळणारी नव्हतीच.
त्यांच्या भाषेत एक अक्षर आहे,
पोट गोल, मान मागे कललेली,
मानेत आडवी काडी.
ते कुणी उच्चारत नाही.
शाळेत बाई लिहायला लावतात,
विसरलं की मार्क कापतात,
पण तोंडात ते कधी येतच नाही.
(आपल्याकडेही होते असे मुके अनुस्वार.
एका पिढीने पुसून टाकले,
कानांना पत्ताही लागला नाही.)

रानवाने लॉग उघडला.
कुणी वाचत नाही अशा हजारो ओळी,
त्यांत एक पुटपुट:
हे अक्षर फॉन्टमध्ये नाही.
खाली तेच. पुन्हा तेच.
सहाशे अकरा वेळा,
आणि शेवटी, त्याच दमात, यशस्वी.
यंत्राने रिकामी चौकटसुद्धा ठेवली नव्हती;
शेजारची अक्षरं सरकून बसली होती,
बाकावर कुणी उठून गेल्यासारखी.

"बोलताना तरी कुठे असतं ते?" तुम्मास म्हणाला.
तिने टॅबलेट पुढे केला.
"शोध. संकट लिही. शाळेत शिकलास तसं."
त्याने तर्जनीने टाइप केलं.
मधल्या बोटाचं पेर नाही त्याला,
ते जुन्या विंचकडे राहिलं.
काहीही सापडलं नाही.
त्याने पुन्हा टाइप केलं, सावकाश,
त्या मुक्या अक्षरासह.
काहीही सापडलं नाही.

हीटर थोडा वेळ एकटाच बोलत राहिला.
"बदल," तो म्हणाला.

बदल म्हणजे एक ओळ. फॉन्टचं नाव.
ती ओळ सापडायला रात्रीचे साडेनऊ.
या वेळी एकोणनव्वद पानं झाली.
मुकी असली तरी जागा लागतेच;
सहाशे अकरा जणी परतल्या
आणि त्यांच्यासाठी एक पान वाढवावं लागलं.

पान एकसष्टवरचा तक्ता
अजून समासाबाहेर लोंबतोय. लोंबू दे.
रानवाने हानुसची चिठ्ठी उलटी केली,
पाठीवर क्रमाने लिहिलं: आधी हे बसवा, मग ते,
ही आवृत्ती, हा फॉन्ट.
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
यशस्वी म्हणालं तरी लॉग वाचा.

पहाटे चारला ट्रॉलर सुटला.
खिळ्याला नवं हँडबुक,
प्लास्टिकच्या पिशवीत, अजून प्रिंटरचं ऊन धरून.